कोनाड्याच्या वरचं पाणी

आमच्या निलंग्यात येळवस जवळ आली हे कळायला कॅलेंडर लागत नाही. भाजीबाजारात एका सकाळी अचानक चुका, चाकवत, कांद्याची पात, ओल्या तुरीच्या आणि वालाच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे यांचे ढीग लागतात. बाया एकमेकींच्या हाताखालून हात घालून पेंड्या उचलतात. आणि माझ्या दुकानातला फोन मोटारीसाठी वाजायचा थांबून जेवणासाठी वाजायला लागतो. कागदोपत्री तिचं नाव वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. त्या दिवशी गावंच्या गावं घराला कुलूप लावून शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडून पूजा करतात, शेंगा-पाल्यांची भज्जी आणि आंबिल पोटभर खातात आणि दिवस मावळायला परत येतात. ज्याला शेत आहे त्यानं ज्याला नाही त्याला बोलवायचं, असा आमच्याकडचा रिवाज. मी मोटार मिस्त्री. माझी जमीन म्हणाल तर दुकानापुढच्या चार फरश्या. त्यामुळं माझ्याएवढी आमंत्रणं आमदारालासुद्धा नसतील.

यंदाचा पहिला फोन मंदाताईंचा. औरादच्या रस्त्यावर निलंग्यापासून अर्ध्या तासावर त्यांची वाडी आहे. त्यांच्या शेतातली मोटार मीच बसवलेली, मीच सांभाळतो.

"मिस्तरी, येळवशीला येताव ना?"

"न येऊन सांगतो कुणाला!"

"मग येताना पाना-पक्कड आणा. मोटार उठंना."

"जळाली का काय?"

"जळंल कशी? महिना झाला बटन दाबलं न्हाई. पाव्हणे येणार, हौद भरून ठेवावा म्हणलं, तर नुसती घुर्र करून गप बसली."

फोन ठेवला आणि मी स्टुलावर तसाच बसून राहिलो. तीस वर्षं झाली या धंद्यात. कमी दाबाच्या विजेनं जळालेल्या मोटारी बघितल्या, गाळ खाऊन मेलेल्या बघितल्या, कोरड्या बोअरमध्ये हवा ओढून ओढून तापलेल्या तर रोजच्याच. पण चालवलीच नाही म्हणून बसली, असली तक्रार माझ्या दुकानात आजवर आली नव्हती. मी एकटाच मोठ्यानं हसलो. आतून नसीमनं, माझ्या बायकोनं विचारलं, "काय झालं? लॉटरी लागली का?" तसंच काहीसं, म्हणालो.

अब्बा ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. सायकलच्या दांड्यावर मला बसवून शेतोशेत न्यायचे. इंजिनाची टुकटुक, जळक्या डिझेलचा वास, आणि विहिरीच्या काठावर पालथं पडून बघितलं की खाली स्वतःचं तोंड दिसायचं. अब्बा ओरडायचे, "अरे पीछे सरक, गिरेगा!" तेवढं पाणी जवळ होतं. मी धंद्यात आलो तेव्हा बोअरचा जमाना सुरू झाला. दरवर्षी एकेक पाइप जास्त सोडायचा. पाइप सोडता सोडता माझे खांदे रुंद झाले आणि दुकानावर एक मजला चढला. खरं ते सांगतो. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात मला जेवायला फुरसत नव्हती, एवढं काम होतं. लोकांच्या विहिरी आटल्या की माझा सीझन. त्याची शरम मला तेव्हा वाटली नाही. नंतर वाटली, आणि ती ज्या रब्बीत वाटली ती रब्बी मला दर येळवशीला आठवते.

चार वर्षं झाली त्याला. ज्येष्ठाचे दिवस होते, ढग यायचे आणि तोंड दाखवून जायचे. मंदाताई आणि त्यांचे मालक दिगंबरराव दुकानात आले. दिगंबरराव गडी चांगला, बोलायला मोकळा, पण उसाचं वेड. विहिरीजवळच्या दोन एकरात ऊस, बाकी सगळं सोयाबीन. विहीर उन्हाळ्यात उसाला पुरेना म्हणून बोअर मारायचा, त्यात बसवायची मोटार बघायला आले होते. मी कॅटलॉग काढला. मंदाताई बाकावर बसल्या होत्या, मांडीवर बाजारातली पिशवी. पिशवीतून दिसत होती ज्वारी.

"ताई, बी घेतलं का?" मी आपलं बोलायचं म्हणून बोललो.

"बी कशाचं? खायाला घेतलीय," त्या म्हणाल्या. मग दिगंबररावांकडे न बघता, कॅटलॉगकडे बघत म्हणाल्या, "आठ एकराचे कास्तकार आमी, अन् भाकरी इकत घ्यायलाव. मिस्तरी, तुमी निलंग्यातले, तुमी घेतली तर ठीक हाय. आमी कामून घ्यायलाव?"

दिगंबरराव म्हणाले, "मग काय उसाऐवजी ज्वारी लावू?"

"लावा. विहिरीजवळचं एक एकर मला द्या, अन् वरचा माळ. ऊस यंदा नको. माळावर मी चर मारते, नाल्याचं पाणी विहिरीत घालते. रब्बीला ज्वारी, करडई, हरभरा पेरते. घरचं वर्षाचं खाणं त्यातून न्हाई निघालं तर बोला."

"अन् विहीर?"

मंदाताईंनी इथं जी अट घातली ती मला जशीच्या तशी आठवते. त्यांची विहीर निजामाच्या काळातली, घडीव दगडांची, थरावर थर. तळापासून पाचव्या थरात एक कोनाडा आहे, बांधणाऱ्यानं दिव्यासाठी ठेवला असावा. तिथपर्यंत दिवा घेऊन कुणी उतरत नाही. त्यात पारवे राहायचे, कारण पाणी आताशा वर्षातले बरेच महिने त्याच्या खालीच असायचं. ताई म्हणाल्या, "येळवशीला पाणी कोनाड्याच्या वर असलं तर बोअरचं नाव काढायचं न्हाई. खाली गेलं तर मशीन बोलवा, मी सोता पुढं हून नारळ फोडते."

दिगंबरराव हसले. येळवशीपर्यंत कोनाड्याच्या वर पाणी त्यांनी लग्न झाल्यापासून बघितलं नव्हतं. "कबूल," म्हणाले. "सलीमभाई, तुमी साक्षी." मी मान हलवली. आणि मनात हिशेब केला की मोटार आता विकली काय आणि येळवशीनंतर विकली काय, सारखंच.

त्या पावसाळ्यात माझ्या वाडीला चकरा झाल्या त्या दुसऱ्यांच्या मोटारींसाठी, पण वाट मंदाताईंच्या माळावरून. शेजारच्या दोघी बायांना घेऊन त्या उताराला आडवे चर खोदत होत्या. मुरूम लाल, कुदळ लागली की ठिणगी उडायची. पाऊस पडून गेला की चरांमध्ये पाणी उभं राहायचं, वर आकाश, खाली मुरूम, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर पाणी गायब. दिगंबरराव म्हणायचे, "उडून गेलं." मंदाताई म्हणायच्या, "मुरलं." दोघंही तेच चर बघायचे. विहिरीच्या वरच्या अंगाला त्यांनी खड्डा केला, त्यात मोठे दगड, त्यावर बारीक खडी, त्यावर वाळू. नाल्याचं गढूळ पाणी त्यातून गाळून विहिरीत जाणार. त्याला पाइप लागला. माझ्याकडं पडलेले तुकडे मी आणून दिले, जोडूनही दिले.

"ताई, आयुष्यभर याच पाइपनं पाणी वर काढलं. खाली घालायला पहिल्यांदा लावतोय."

"मग लावा नीट. उलटा लावताल सवयीनं," त्या म्हणाल्या.

सवय हा शब्द त्या सहज बोलून गेल्या. पुढं तो मला फार लागला.

पेरणीच्या दिवशी मी होतो. हस्ताचा पाऊस होऊन गेला होता आणि काळ्या मातीला वास सुटला होता. मंदाताईंनी मातीची मूठ आवळली, गोळा झाला, तो कमरेएवढ्या उंचीवरून सोडला. खाली पडून दोन-तीन तुकडे झाले. "आता पेरा," म्हणाल्या. लाडू राहिला असता तर अजून ओलं, भुगा झाला असता तर उशीर झाला. माझ्याकडं पाणी बघायला मीटर आहे, तारा आहेत, दिवा पेटतो. त्यांच्याकडं मूठ. दिगंबररावांनी बैल धरले, मंदाताई पाभरीच्या चाड्यावर, मुठीतून बी सोडत. बोटांच्या फटीतून दाणे असे गळायचे की कुठं दोन नाहीत, कुठं सुटलं नाही. मधल्या पट्ट्यात ज्वारी, एका कडेला हरभरा, आणि सगळ्या बांधाकडेनं करडई. करडई मोठी झाली की काटे येतात, जनावर आत शिरत नाही. कुंपणाचं कुंपण आणि घरचं तेल. बांधावर पावसाच्या सुरुवातीलाच लावलेले तूर, वाल, तीळ आणि आता जवस. मी म्हणालो, "ताई, हे शेत आहे का किराणा दुकान?" त्या म्हणाल्या, "दुकानच हाय. फकस्त उधारी न्हाई."

दिवाळीनंतर थंडी पडली. मी ज्या दिवशी वाडीला जाईन त्या दिवशी विहिरीत डोकवायचो. साक्षीदार ना मी! कोनाडा पाण्याखाली होता. पारवे उठून कुठं वरच्या भेगांत गेले होते. मोटार थोडी चालायची, ज्वारीला एखादं पाणी, भाजीला थोडं, आणि दर पंधरवड्याला दगडाचा एक थर उघडा पडायचा, ओला, हिरवट. मी थर मोजायचो. एकदा मोजताना वर बघितलं तर समोरच्या काठावर दिगंबररावही वाकलेले. आम्ही दोघं चोरासारखे एकमेकांकडं बघत राहिलो. "पारवे बघायलो," ते म्हणाले. मी म्हणालो, "मी पण."

येळवशीला दोन दिवस राहिले तेव्हा पाणी कोनाड्याच्या वर दोन थर होतं. मंदाताईंनी ज्वारीला, कणीस पोटात धरलेल्या ज्वारीला, शेवटचं पाणी देऊन घेतलं होतं. आता येळवस होईपर्यंत मोटारीला हात लावायचा नव्हता. पण ते पाणी देताना स्टार्टरमधून तडतड आवाज आला म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी गेलो, पेटी उघडली, वीज जोडणारे पॉइंट काळे पडले होते ते घासकागदानं घासले, स्क्रू आवळले. दहा मिनिटांचं काम. चहा घेतला आणि आलो.

आता ऑटो म्हणजे काय ते सांगायला हवं. शेतीची वीज कधी येईल याचा आमच्याकडं नेम नाही. माणूस किती वेळा शेतात जाऊन बटन दाबणार? म्हणून स्टार्टरशेजारी एक छोटी पेटी बसवतात, ऑटो. वीज आली की मोटार आपोआप सुरू. वीज जाईपर्यंत चालूच. पाणी पिकात जातं का नाल्यात, विहिरीत उरलंय का नाही, ऑटोला त्याचं काही पडलेलं नसतं. तालुक्यातल्या निम्म्या शिवारात ते ऑटो माझ्या हातानं बसवलेले आहेत. आणि दुरुस्ती झाली की शेवटी ऑटोचा खटका वर करायचा, ही माझी सवय. बघावंसुद्धा लागत नाही, हात जातोच.

त्या दिवशीही गेला.

येळवशीच्या आदल्या दिवशी शेतात कुणी नसतं. सगळ्या घरात भज्जीची तयारी, आंबिलासाठी ज्वारीचं पीठ ताकात भिजवलेलं, उंडे उकडायचे, धपाटे थापायचे. बाप्ये कडबा, मडकी, चुना यांच्या मागं. वाडीत त्या दिवशी वीज सकाळीच आली. मंदाताईंच्या विहिरीवरची मोटार सुरू झाली आणि कुणी ऐकलं नाही.

येळवशीला मी, नसीम आणि अम्मी रिक्षानं शेतावर पोचलो तेव्हा कोप उभी होती, पाच दगडांना चुना लागला होता, बाया पदर खोचून मांडामांड करत होत्या. दिगंबरराव कळशी घेऊन विहिरीकडं निघाले होते. पूजेचं पाणी त्याच विहिरीचं लागतं. मला बघून म्हणाले, "चला साक्षीदार, आज निकाल हाय." मोठ्या खुशीत होते. खरं तर त्या गड्याच्याही मनात कोनाडा जिंकावा असं यायला लागलं होतं, मला ते त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. आम्ही काठावर गेलो, वाकलो.

तळ दिसत होता. गाळ, त्यात अडकलेली एक जुनी चप्पल, आणि मोटारीभोवती परातभर पाणी. वर कोनाडा कोरडा, उघडा, आणि त्यात एक पारवा येऊन बसलेलासुद्धा होता.

मी आधी स्टार्टरकडं पळालो. ऑटोचा खटका वर. मी मेन बंद केला. हरभऱ्याच्या पट्ट्यात पाय घातला तर घोट्यापर्यंत चिखल. मोटारीनं काल दिवसभर आणि रात्रभर, आज सकाळी वीज जाईपर्यंत पाणी फेकलं होतं, शेवटी हवा ओढली असणार, जळाली नाही हे तिचं नशीब. मी परत आलो तेव्हा मंदाताई काठावर उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, खटक्याकडं बघितलं. समजल्या.

"ताई, माझी चूक," मी म्हणालो. "शर्तीत ही धरायची नाही. मी साक्षी आहे, मी सांगतो, परवा पाणी दोन थर वर होतं."

"शर्त येळवशीची हुती, परवाची न्हाई," त्या म्हणाल्या. आवाज सरळ होता. "विहिरीला काय ठावं कुणाची चूक? आटली ती आटली. मशीन आणा तुमी."

शेवटचं वाक्य दिगंबररावांना. ते कळशी हातात धरून उभे. मला वाटलं, रागावून दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सहा महिने त्या बाईनं मुरूम फोडला होता आणि माझ्या एका बोटानं ते सगळं नाल्यात सोडलं होतं. आणि मोटार तर माझीच विकली जाणार होती! मला भयंकर लाज वाटली. अशी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

पूजेला पाणी शेजारच्या शेतातून आणलं. आंबिलाचा शिडकावा शेतभर झाला. पंगत बसली. अम्मीनं भज्जीचा पहिला घास घेतला आणि म्हणाली, "क्या मीठी तूर है गे, मंदा!" तेव्हा मंदाताई जरा हसल्या. त्या वाढत होत्या आणि सांगत होत्या, अम्मीला कळावं म्हणून, ही तूर त्या बांधावरची, हा वाल इकडचा, चुका पाटाकडेचा, हरभरा त्या पट्ट्यातला, तीळही बांधावरचे. भज्जीत जितक्या डाळी आणि जितके पाले, तेवढी शेताची हजेरी. निलंग्याच्या बाजारातल्या ढिगांपुढं बाया जे उचलतात ते याच हजेरीसाठी, पण शेतात हजर नसलेलं सगळं विकत घेऊन. त्या दिवशी त्या परातीत तेल-मिठाशिवाय काही विकतचं नव्हतं.

तेव्हा तो आवाज आला. म्हणजे येतच होता, पंगत गप्प झाली म्हणून ऐकू आला. टिप टिप नाही, बारीक धार पडावी तसा. नळ नीट बंद केला नाही की येतो तसा. मिस्त्रीचे कान, मला राहवेना. हात धुतले, चपला काढल्या आणि विहिरीत उतरलो. पायऱ्या म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले दगड, तीस वर्षं असल्या दगडांवरूनच चाललोय. खाली गेलो तर पाणी पिंढरीपर्यंत. सकाळी परातभर होतं. पूर्वेच्या भिंतीत, दोन थरांच्या सांध्यातून तीन ठिकाणी पाणी येत होतं. मी तळवा लावला. गार, स्वच्छ, आणि हाताला ढकलणारं. दाबून धरलं तर बोटांच्या बाजूनं वाट काढायचं.

"दिगंबरराव!" मी खालून ओरडलो. "या खाली!"

"काय झालं? साप हाय का?"

"या तर!"

ते आले, धोतर वर खोचून. मी त्यांचा हात धरून त्या सांध्यावर ठेवला. त्यांनी दुसऱ्या झऱ्यावर हात नेला, मग तिसऱ्या. ही विहीर त्यांच्या आज्याची. भरलेली असायची तेव्हा झरे पाण्याखाली, आटायची तेव्हा झरेच नसायचे. वाहणारा झरा त्यांनी जन्मात बघितला नव्हता.

"इकडं काय हाय वर?" मी विचारलं, मला माहीत असून.

"माळ," ते म्हणाले. जरा थांबून परत म्हणाले, "चर."

आम्ही वर आलो. मंदाताई ताटं गोळा करत होत्या. दिगंबरराव त्यांच्यासमोर गेले, खाकरले आणि मोठ्यानं, पंगतीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अमावस्या उद्या सकाळपस्तोर हाय. मी पंचांग बघूनच आलोय. तवर निकाल न्हाई."

मंदाताईंनी ताटं खाली ठेवली. "तुमी कवापासून पंचांग बघायलाव?" एवढंच म्हणाल्या आणि कोपीच्या मागं गेल्या. नसीम त्यांच्यामागं गेली. दोघी बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा दोघींचे डोळे लाल होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत फोन वाजला. दिगंबरराव. नमस्कार नाही, काही नाही. "सलीमभाई, कोनाडा बुडाला. पारवा उडाला. अमावस्या अजून सुटली न्हाई." नसीमला हाक मारून सांगितलं, आणि मोटार विकली गेली नाही म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा पेढे वाटले.

हरभरा मात्र गेला. चिखलात मुळं कुजली, पट्टाच्या पट्टा पिवळा पडला. मंदाताई आजही कुठं भेटल्या की चारचौघांत म्हणतात, "ह्यांनी माझा हरभरा मारला." ज्वारी मात्र अशी आली की कणसाच्या भारानं धाट वाकायचं. काढणीच्या दिवसांत मी खळ्यावर गेलो होतो, दाणा मोत्याच्या रंगाचा, मूठ भरली की हातातून सटकायचा. वर्षभर त्या घरात बाजारची ज्वारी गेली नाही. कडबा दोन बैलांना आणि एका म्हशीला पुरला. एक पोतं माझ्या घरी आलं. अम्मी चुलीशी बसून भाकरी थापताना म्हणाली, हा वास तिच्या माहेरचा. विकतच्या पिठाला तो नसतो, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

त्या येळवशीनंतर मी पहिलं काम केलं ते मंदाताईंच्या पेटीतला ऑटो काढला. मग जिथं जिथं दुरुस्तीला जाईन तिथं मालकाला म्हणायला लागलो, हा काढू का? पुष्कळांनी वेड्यात काढलं. "सलीम मिस्त्रीला वय झालं," म्हणाले. काहींनी काढू दिला. वाडीतल्या चार-पाच विहिरींवर आता गाळणीचे खड्डे आहेत, त्यांचे पाइप मी जोडलेत, सरळ. सगळं शिवार बदललं असं मी म्हणणार नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊस उभा आहे, बोअरच्या मशिनी अजून धुरळा उडवत जातात. पण नायगावला दिलेली माझी बहीण परवा फोनवर म्हणाली, "भाईजान, आमच्याकडं पण लोक चर मारून राहिले. तू सांगितलेला तो वाळूचा खड्डा कसा करायचा, परत सांग." मी अर्धा तास सांगितलं. मोटारीबद्दल तिनं काही विचारलं नाही. माझा धंदा कमी झाला का? झाला थोडा. झोप चांगली लागते.

तर यंदाची येळवस. पाना-पक्कड घेऊन मी गेलो. आता अम्मी नाही, नसीम आणि मी. माळावर चरांच्या कडेनं गवत कमरेएवढं. ज्वारीत शिरलो तर दिसेना झालो, एवढी उंच. दिगंबरराव हुरड्याच्या आगटीपाशी बसले होते, म्हणाले, "आधी जेवा, मग मोटार." मी म्हणालो, आधी मोटार. मला बघायचंच होतं की न वापरल्यानं मोटार नेमकी कुठं धरते.

मेन बंद केला. पेटीचं दार गंजून अर्धं उघडंच राहिलेलं, ते ओढलं. आतून फडफड झाली आणि एक पारवा माझ्या तोंडावरून उडाला. दुसरा हलला नाही. ऑटो काढल्यावर जी मोकळी जागा राहिली होती, तिथं काड्यांचं घरटं. काड्या स्टार्टरच्या पट्टीत अडकल्या होत्या, म्हणून मोटार उठत नव्हती. पारवा जरा सरकला तेव्हा खाली दोन पांढरी अंडी दिसली. कोनाड्यात पाणी, मग बिचारे जाणार कुठं?

मी पक्कड हातात धरून मंदाताईंकडं बघितलं. "काड्या काढाव्या लागतील, ताई. त्याशिवाय सुरू होत नाही."

त्यांनी वाकून आत बघितलं. मग वळून ज्वारीकडं बघितलं.

"कामून काढायलाव? पिल्लं उडाली की या. आत्ता काय पाणी लागत न्हाई." आणि जाता जाता म्हणाल्या, "हौद बादलीनं भरू. चला, हात धुवा."

मी पेटीचं दार हळूच लोटलं, वारा लागू नये एवढंच. विहिरीवर गेलो, बादली सोडली. ती पाण्याला टेकली तरी अर्धा दोर हातातच राहिला.